धारेच्या वेळी येणारं हेलिकॉप्टर : एका वस्तीचं प्रकरण

पन्हाळ्याच्या पश्चिमेला डोंगर उतरत जातात, तिथं एका ओढ्याच्या दोन्ही अंगांना आमची वस्ती आहे. गावठाणापासून दीड-दोन किलोमीटर आत. साठ-पासष्ट घरं, बहुतेक आपापल्या मळ्यात बांधलेली, प्रत्येक घराला लागून गोठा. चौथीपर्यंतची शाळा, अंगणवाडी, दोन गुऱ्हाळं आणि एक दूध संस्था. त्या संस्थेचा मी सचिव. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट बघायची, पावती फाडून द्यायची, हे माझं काम. या प्रकरणात जो काही पुरावा हाती लागला तो या कामातूनच लागला, म्हणून ते आधी सांगतो.

वस्तीचं, टेकडीवरच्या प्रकल्पाचं किंवा कुणा माणसाचं नाव इथं लिहिणार नाही. गेल्या काही महिन्यांत आसपासच्या गावांतून दोन-तीन जण येऊन हेलिकॉप्टरच्या त्रासाबद्दल विचारून गेले, "तुम्ही नेमकं काय केलासा?" प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं. म्हणून झालं तसं सगळं लिहून काढतोय, चुकांसकट.

वस्तीच्या पूर्वेला टेकडी आहे. तिथं काही वर्षांपूर्वी शेतघरांचे प्लॉट पडले. आधी मुंबई-पुण्याचे लोक गाड्यांनी प्लॉट बघायला यायचे. दिवाळी झाली आणि एका शनिवारी हेलिकॉप्टर आलं. पहिल्या दिवशी सगळी वस्ती बघायला बाहेर पडली. पोरं पत्र्यावर चढली, आम्ही मोठी माणसंही माना वर करून उभे राहिलो. विमानाचं कोल्हापूरला नवल नाही. उजळाईवाडीचं विमानतळ १९३९ सालचं, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातलं. आणि महापुराच्या दिवसांत हेलिकॉप्टरच्या आवाजाकडं कान लावून बसलेले आमचे पाहुणे शिरोळकडं आहेत. त्या आवाजाला वाईट म्हणणारं आमच्यात त्या दिवशी कुणी नव्हतं.

मग ते दर शनिवार-रविवारी यायला लागलं. प्लॉट घेणाऱ्यांना जमीन वरून दाखवायची, आणि मधल्या वेळात पैसे घेऊन पर्यटकांना दहा-दहा मिनिटांची सफर. टेकडीवरून उठायचं, पन्हाळगडाला वळसा घालायचा, पश्चिमेकडून खाली येत ओढ्याच्या घळीतून आमच्या गोठ्यांवरून परत टेकडीवर. एका संध्याकाळी असे सहा-सात फेरे व्हायचे.

दूध कुठं जात होतं

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मला पावत्यांत फरक दिसला. ओढ्याकाठच्या काही घरांचं शनिवार-रविवार संध्याकाळचं दूध कमी येत होतं, आणि त्याची फॅटही उतरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरांचं दूध जास्त, फॅटही नेहमीपेक्षा वर. आधी वाटलं कुणीतरी पाणी घालतंय. संशय बोलून दाखवला नाही, याचं आज समाधान वाटतं, कारण ती माणसं तशी नाहीत.

एका काकींनीच उलगडा केला. "आवाज आला की म्हस पान्हा चोरती. मी तासभर खाली बसून असती, ती कान टवकारून वर बघती."

ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढं अर्जात हीच उपयोगी पडली. रेडकू ढुशी देतं किंवा कास धुतली जाते, तेव्हा जनावराच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं आणि कासेतल्या बारीक पिशव्या आवळून दूध खाली उतरतं. हाच पान्हा. जनावर घाबरलं की अड्रेनलीन सुटतं आणि ते या कामात आडवं येतं. गाईच्या कासेत खालच्या मोठ्या पोकळीत थोडं दूध आधीच उतरून साठलेलं असतं, त्यामुळं घाबरलेली गाय निदान तेवढं तरी देते. म्हशीत असं साठलेलं दूध पाच टक्क्यांच्या आसपास असतं, बाकी सगळं वरच्या पिशव्यांत अडकलेलं. पान्हा आला नाही तर म्हशीच्या सडातून जवळजवळ काहीच येत नाही. शिवाय धारेच्या शेवटच्या दुधात फॅट सगळ्यांत जास्त असते. ते आत राहिलं की संध्याकाळचं दूध पातळ आणि सकाळचं दाट. पावत्यांवर तेच छापलं जात होतं, तारखेसह आणि वेळेसह.

ज्यांचा संसार दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर चालतो त्यांना फॅटचा एकेक पॉइंट म्हणजे काय, हे आमच्याकडं समजावून सांगावं लागत नाही. सकाळी दूध वाढतंय म्हणजे भरपाई होते असंही कुणी समजू नये. कासेत दूध तुंबून राहिलं की म्हैस हळूहळू आटायला लागते, आणि दगडी, म्हणजे कासेला सूज, होण्याची भीती असते ती वेगळीच.

सगळ्या जनावरांवर सारखा परिणाम झाला, असं मात्र म्हणणार नाही. जुन्या, तीन-चार वेत झालेल्या म्हशी महिन्याभरात आवाजाला सरावल्या. पहिलारू, म्हणजे पहिल्याच वेताच्या, आणि बाजारातून नव्यानं आणलेल्या जनावरांना ते जमलं नाही. एका घरची गाभण म्हैस दावं तोडून ओढ्यात उतरली. तिला वर काढायला रात्र झाली, पण पोटातलं वाचलं. कोंबड्यांच्या एका शेडमध्ये पिल्लं घाबरून कोपऱ्यात एकमेकांवर चढली आणि खालची गुदमरून मेली. ते शेड ज्याचं, तो पोरगा बँकेचं कर्ज काढून धंद्यात उतरला होता.

संध्याकाळच का?

सुरुवातीला आम्हाला वाटायचं, मुद्दाम धारेच्या वेळी येतात. तसं नव्हतं. कारण कळल्यावर राग निम्मा उतरला आणि वाट दिसायला लागली.

असली हेलिकॉप्टरं नजरेनं बघून उडवायच्या नियमाखाली उडतात, आणि आपल्या देशात त्या नियमाखाली सूर्य मावळल्यावर सहसा उडता येत नाही. डिसेंबरात आमच्याकडं सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पर्यटकाला हवा असतो तो उतरत्या उन्हातला गड. त्यामुळं सगळ्यांत जास्त मागणी असलेल्या फेऱ्या पाच ते सहा या तासात कोंबल्या जायच्या. आमची धार त्याच तासात, कारण संस्थेत दूध सहा ते सात घेतलं जातं, आणि ते साडेसातला दुधाच्या गाडीत चढायला लागतं. त्यांच्या घड्याळाला सूर्य बांधलेला आणि आमच्या घड्याळाला गाडी.

आवाज एवढा का लागतो, हेही शोधलं. शाळेतल्या गुरुजींनी यात फार मदत केली. दोन पात्यांचं हेलिकॉप्टर असेल तर त्याचं चक्र मिनिटाला चारशेच्या आसपास फिरतं, म्हणजे सेकंदाला तेरा-चौदा ठोके. इतका खोल ठोका कानापेक्षा छातीला आणि गोठ्याच्या पत्र्याला आधी कळतो. भिंती त्याला फारशा अडवत नाहीत. त्यात हेलिकॉप्टर खाली उतरत असतं तेव्हा पुढच्या पात्यानं हवेत सोडलेल्या भोवऱ्यावर मागचं पातं आदळतं. तो फटफट आवाज सरळ उडताना इतका येत नाही. आमच्या डोक्यावरून ते नेमकं उतरत जात होतं. अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलनं कमी होतो, म्हणजे उंची वाढवून थोडा फरक पडतो, पण उतरायची वाट बदलली तर जास्त पडतो. हे आम्हाला फार उशिरा समजलं. पहिले दोन महिने आम्ही नुसतं "उंचावरून जावा" एवढंच म्हणत होतो.

जिथं जिथं दार ठोठावलं

पहिल्यांदा पाच-सहा जण टेकडीवर गेलो. तिथल्या व्यवस्थापकांनी चहा दिला आणि आमच्याकडं सगळ्या परवानग्या आहेत, असं सांगितलं. आम्ही परवानगीचा कागद बघायला मागितला नाही. ही आमची पहिली चूक.

मग पोलिसांत अर्ज. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यात राहत्या भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शाळा-दवाखान्यांभोवती शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५०. कागदावर आमची बाजू भक्कम दिसत होती. पण ही मर्यादा ठरावीक काळाच्या सरासरीवर मोजतात. हेलिकॉप्टर डोक्यावर असतं दीड-दोन मिनिटं. बाकीच्या वेळी वस्तीत पाखरांचा आणि पंपाचा आवाज. सरासरी काढली की ती दोन मिनिटं विरघळून जातात. शिवाय मोबाइलमधल्या ॲपचा आकडा कुणी ग्राह्य धरत नाही. जे हवालदार आले होते ते भले गृहस्थ होते, त्यांनी तासभर गोठ्यात उभं राहून ऐकलं, जबाब लिहून घेतला. पुढं काही झालं नाही.

तिसरा रस्ता उंचीचा. दाट वस्तीवरून उडताना सहाशे मीटरच्या परिघातल्या सगळ्यांत उंच अडथळ्यापेक्षा किमान ३०० मीटर वर, आणि इतरत्र जमिनीपासून किमान १५० मीटर वर राहायचं, असा नजरेनं उडवण्याच्या उड्डाणांचा नियम आहे. गुरुजींनी एक युक्ती काढली. असल्या चार-पाच माणसांच्या हेलिकॉप्टरच्या चक्राचा व्यास दहा मीटरच्या आसपास असतो. हात सरळ लांब केला तर डोळ्यापासून पट्टी साधारण साठ सेंटिमीटरवर येते. हेलिकॉप्टर बरोबर डोक्यावर असताना चक्र पट्टीवर चार सेंटिमीटरचं दिसलं तर ते १५० मीटरवर आहे, आठ सेंटिमीटरचं दिसलं तर पंचाहत्तरवर. चौथीची पोरं पट्ट्या घेऊन उभी राहिली आणि त्यांनी वहीत आकडे मांडले. बहुतेक आकडे चारच्या वर होते.

ती वही घेऊन आम्ही मोठ्या आशेनं गेलो, आणि त्याच नियमातलं पहिलं वाक्य आम्हाला वाचून दाखवलं गेलं: चढताना आणि उतरताना वगळून. हेलिकॉप्टर आमच्यावर असताना उतरतच असतं. त्या संध्याकाळी परत येताना जीपमध्ये कुणी बोललं नाही. पोरांना काय सांगायचं, हाच प्रश्न गुरुजींना पडला होता.

विमानवाहतुकीच्या कायद्याचं बोलायचं तर १९३४ चा जुना कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे, आणि हवेतल्या गोष्टींवर अधिकार दिल्लीतल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचा आहे. ग्रामपंचायतीचा ठराव त्या उंचीवर पोहोचत नाही. हे पटायला आम्हाला वेळ लागला. पण एक गोष्ट अशी होती की तिच्यावर हात पोहोचत होता: हेलिकॉप्टर कुठंतरी जमिनीवर उतरतं, आणि ती जमीन आमच्याच गावच्या शिवारात आहे.

परवानगीचा कागद

कायमचं हेलिपॅड नसलेल्या जागेवर उतरायचं तर जमीनमालकाची संमती आणि जिल्ह्याच्या प्रशासनाची परवानगी लागते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांची मुदत. एकोणतिसाव्या दिवशी कागद मिळाले.

परवानगी खरी होती. अटीही नीट होत्या: अग्निशमनाची गाडी, रुग्णवाहिका, धूळ उडू नये म्हणून पाण्याचा मारा, जागेभोवती बंदोबस्त. सोबत जागेचा आराखडा. त्यावर टेकडी, हेलिपॅडचं वर्तुळ, आणि पश्चिमेकडून येणारा एक बाण. बाणाच्या खाली, जिथं आमची घरं आहेत तिथं, दोनच शब्द होते: "मोकळी शेतजमीन".

तो कागद मी दूध संस्थेच्या टेबलावर ठेवला. माणसं एकेक करून येऊन बघून गेली. माझ्या चुलत्यांनी बोट ठेवून विचारलं, "हितं आपलं घर न्हाई व्हय?"

कुणी खोटं लिहिलेलं नव्हतं. गावचा नकाशा उघडला तर त्यात गावठाण दाखवलेलं आहे, ते दोन किलोमीटर लांब. आमची घरं गट नंबरांत आहेत, आणि गट म्हणजे शेती. दोन-तीन पिढ्या मळ्यात राहिलेल्या पासष्ट घरांचा त्या नकाशात ठिपकाही नाही. ज्यानं आराखडा काढला त्यानं समोरचा नकाशा बघून काढला. आमचे अर्ज सगळीकडं अडकत होते त्याचंही मूळ हेच होतं. आम्ही दाट वस्तीचा नियम सांगत होतो, आणि समोरच्याच्या कागदावर वस्तीच नव्हती.

इथून पुढं काम बदललं. त्रास किती होतो हे सांगणं थांबवलं, आणि आम्ही इथं राहतो हे सिद्ध करायला लागलो. ग्रामपंचायतीत घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही असते, नमुना नंबर ८. त्यातले आमच्या वस्तीच्या सगळ्या घरांचे उतारे काढले. गट नकाशाची प्रत घेऊन त्यावर प्रत्येक घर, गोठा, शाळा, अंगणवाडी लाल पेनानं मांडली. दूध संस्थेच्या सभासदांची यादी आणि दोन महिन्यांच्या पावत्यांचा गोषवारा जोडला. दोन्ही गुऱ्हाळं मांडली, कारण त्यात एक धोका होता आणि तो आवाजापेक्षा मोठा होता. हंगामात चुलवाण रात्रंदिवस पेटलेलं असतं आणि शेजारी वाळलेल्या चिपाडांचे ढीग. हेलिकॉप्टर कमी उंचीवरून जाताना त्याचा वारा आला तर ठिणगी कुठं पडेल याचा नेम नाही. एका गुऱ्हाळाच्या चुलवाण्यानं सांगितलं की दोनदा त्यानं पोत्यानं आग विझवली होती. त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं, काम जाईल या भीतीनं.

नकाशा पूर्ण झाला असं वाटलं. टेकडीच्या पायथ्याला त्या वर्षी ऊसतोडीची टोळी उतरली होती, बीडकडची. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या पंधरा-वीस खोपी. एक बाई पोराला कडेवर घेऊन संस्थेत दूध घ्यायला यायची. टेबलावरचा नकाशा बघून तिनं विचारलं, "दादा, आमच्या खोपी लिवल्या का यात?"

लिहिल्या नव्हत्या. सगळ्यांत जवळ त्याच होत्या. हेलिकॉप्टर शेवटचं वळण घ्यायचं ते त्यांच्यावर. तिनं सांगितलं, आदल्या रविवारी वाऱ्यानं ताडपत्री उचलली गेली, आत तान्हं पोर झोपलं होतं, त्याच्यावर पाचट आणि माती पडली. त्यांची टोळी पहाटे तीनला फडात जाते, दुपारी जरा पाठ टेकायची वेळ, तेव्हाच फेऱ्या सुरू व्हायच्या. दोन महिने आम्ही या विषयावर बैठका घेत होतो आणि एकाही बैठकीला त्यांना बोलावलं नव्हतं. नकाशानं आम्हाला गाळलं म्हणून आम्ही दुखावलो होतो, आणि आम्ही काढलेल्या नकाशात त्या नव्हत्या. मला त्या दिवशी फार लाज वाटली. संध्याकाळी गुरुजी आणि मी तिकडं जाऊन खोपी मोजून आलो आणि नकाशावर मांडल्या.

२६ जानेवारीची ग्रामसभा

ग्रामसभेत सगळे एका बाजूला नव्हते. टेकडीवर कामाला जाणारी आमचीच आठ-दहा पोरं आहेत. एकजण पर्यटकांसाठी गाडी चालवतो, त्याच्या बोलण्यात तथ्य होतं: "त्यास्नी हाकललासा तर मला पुण्याला जाऊन गाडी चालवायला लागंल." एका घरच्या लग्नात नवरी हेलिकॉप्टरनं पाठवायचा बेत होता, त्यांनाही ठराव नको होता. बंदी मागायची नाही, हे त्या दिवशी या लोकांमुळं ठरलं, आणि ते बरोबर ठरलं. बंदी मागितली असती तर ठराव दोन मतांनी पडला असता किंवा दोन मतांनी पास होऊन गावात कायमची तेढ राहिली असती.

ठराव झाला तो असा: संध्याकाळी पाचनंतर फेऱ्या नकोत, उतरायची वाट ओढ्यावरून न घेता दक्षिणेच्या खडकाळ गायरानावरून घ्यावी, गुऱ्हाळं आणि खोपी यांच्यावर वळण किंवा घिरट्या नकोत, फेऱ्यांचा दिवस असेल तर सकाळी संस्थेला फोन यावा, रुग्ण, पूर किंवा आग यासाठी येणाऱ्या हेलिकॉप्टरला यातलं काही लागू नाही. वाट मसाई पठाराकडून वळवावी असं एकानं सुचवलं होतं. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. आपल्या डोक्यावरचा त्रास तिथल्या पाखरांवर ढकलायचा नाही, असं बायकांच्या बाजूनंच ठामपणे म्हटलं गेलं आणि ते सगळ्यांनी मानलं.

ठराव, लाल पेनाचा नकाशा, नमुना आठचे उतारे आणि पावत्यांचा गोषवारा, असा एकच गठ्ठा परवानगी देणाऱ्या कार्यालयाला, प्रकल्पाला आणि हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपनीला पाठवला. आधीच्या सहा अर्जांना मिळून जेवढी हालचाल झाली नव्हती तेवढी या एका गठ्ठ्यानं पंधरा दिवसांत झाली. परवानगीची मुदत संपत आली होती आणि नूतनीकरणाच्या अर्जाला आता जुना आराखडा जोडता येत नव्हता. ज्या कागदावर घरं दिसतात त्याच्यावर "मोकळी शेतजमीन" लिहायला कुणाचा हात धजत नाही.

पायलट गोठ्यात आले तेव्हा

बैठक टेकडीवर ठरली होती. आम्ही म्हटलं, वस्तीत या, आणि साडेपाचला या. पायलट आले. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. काकींच्या गोठ्यात स्टुलावर बसून त्यांनी धार बघितली. नंतर म्हणाले, "वरून मला उसाचे फड आणि पत्रे दिसतात. पत्र्याखाली या वेळी काय चाललेलं असतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

त्यांच्याकडून कळलं की हेलिकॉप्टर चालवणाऱ्यांच्याच अमेरिकेतल्या संघटनेनं १९८२ पासून शेजारधर्मानं उडण्याचा एक उपक्रम चालवला आहे: घरांवरून शक्य तेवढं उंच जा, रोज एकच वाट वापरू नका, उतरताना पात्यांचा फटका बसेल असा वेग आणि उतार टाळा. त्यांना हे सगळं येत होतं. घळीतून यायचं कारण साधं होतं, ती वाट पर्यटकांना आवडायची आणि आराखड्यात तीच होती. गायरानावरून आलं तर एक मिनिट जास्त लागतं, एवढंच.

फेऱ्यांच्या वेळेवर मात्र ओढाताण झाली. पाच ते सहा हा त्यांच्या कमाईचा तास. धार अर्धा तास पुढं न्या, असं त्यांचं म्हणणं. दुधाची गाडी साडेसातला येते आणि ती पंचवीस गावं करत जाते, ती आमच्यासाठी थांबणार नाही, हे पटवायला वेळापत्रक दाखवावं लागलं. शेवटी शेवटची फेरी पावणेपाचला उतरेल असं ठरलं. त्यांनी फेऱ्या दुपारी तीनपासून सुरू केल्या. तीन म्हणजे टोळीची पाठ टेकायची वेळ. मी ते बोललो. त्यावर खोपींपासून लांब राहण्याची हमी मिळाली. वेळेत सूट मिळाली नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून नवी वाट सुरू झाली. मार्चमधल्या शनिवारच्या आणि बुधवारच्या पावत्या शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नव्हत्या. कोंबड्यांच्या शेडवाल्या पोराला नुकसानीचं काही मिळालं नाही. मागणी लेखी केली होती, उत्तर आलेलं नाही. तो अर्ज अजून सोडलेला नाही.

मार्च सरताना वारं फिरलं. हिवाळ्यात आमच्याकडं पूर्वेचा वारा असतो, उन्हाळ्यात दुपारनंतर कोकणाच्या अंगानं पश्चिमेचा सुटतो. हेलिकॉप्टर वाऱ्याला तोंड देऊन उतरतं आणि वाऱ्याला तोंड देऊनच उठतं. म्हणजे उतरायची वाट आपोआप टेकडीच्या पलीकडं गेली, पण उठताना ते आमच्याकडं तोंड करून यायला लागलं. आम्ही ठरावात फक्त उतरण्याबद्दल लिहिलं होतं. उठतानाचा आवाज उतरतानासारखा फटफटत नाही आणि वेळ दुपारची, त्यामुळं जनावरांना फार बाधलं नाही, पण शाळेच्या परीक्षांच्या दिवसांत एका शनिवारी गुरुजींना पेपर दोनदा थांबवायला लागला. पायलटना फोन केला. आता उठल्या उठल्या दक्षिणेला वळतात, वारं जोराचं असेल त्या दिवशी वळता येत नाही असं सांगतात, आणि तसं असेल त्या सकाळी फोन करतात. तो फोन मी संस्थेच्या फळ्यावर लिहितो.

टोळी एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, गेली. जाताना त्या बाईनं विचारलं, पुढल्या वर्षी आलो तर आमचं लिहिलेलं असेल का. नमुना आठमध्ये खोपी येत नाहीत, आणि खोपींची जागा दरवर्षी बदलते, ज्याचा फड आधी त्याच्या बांधाला. नूतनीकरणाचा पुढचा अर्ज ऑक्टोबरात येईल. त्याला जोडायच्या नकाशावर टेकडीच्या पायथ्याचे सगळे गट मी तुटक रेघेनं वेढून ठेवले आहेत आणि आत लिहिलं आहे: "कार्तिकापासून चैत्रापर्यंत इथं माणसं राहतात." सरपंचांची सही झाली आहे. टोळीच्या मुकादमाचा नंबर घेऊन ठेवला आहे. ते आले की नक्की जागा टाकायची.